एक पूर्णांक सात अष्टमांश

रामजी तायडेला गाडीत उजवीकडे बसवलं, त्याला या हिवाळ्यात आठ वर्षं झाली. उजवीकडे म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला वाटणार, म्हणजे स्टिअरिंगवर. तिथंच तर सगळी गोम आहे. बहरीनमध्ये स्टिअरिंग डावीकडे असतं आणि उजवीकडे बसतो तो हेल्पर.

आठ वर्षांपूर्वी हेल्पर झाला त्याच आठवड्यात रामजीनं कुणाकडून तरी ट्रकच्या खिडकीतला आपला एक फोटो काढून घेतला आणि खामगावला बायकोला पाठवला. उजव्या खिडकीत कोपर टेकवून बसलाय, डोळ्यांवर काळा चष्मा आहे. स्टिअरिंग फोटोत आलेलं नाही, पण खामगावात उजव्या खिडकीत बसतो तो ड्रायव्हरच. लीलाबाईनं तो फोटो मोठा करून घेतला, फ्रेम केला आणि बैठकीत लावला. तेव्हापासून रोज दुपारी तिचा फोन येतो आणि रोज शेवटी ती म्हणते, "जयभीम. अन् गाडी हळू चालवजा बरं." रामजी म्हणतो, "हो." आठ वर्षं हा माणूस "हो" म्हणत आलाय. त्या "हो"चा जो गोळा छातीत अडकायचा ना, त्याचं नाव होतं दत्तप्रसाद.

आता दत्तप्रसाद कोण ते सांगायला हवं. तुबलीत नजीब नावाच्या बहरीनी माणसाचं यार्ड आहे. सहा रिकव्हरी ट्रक. रस्त्यात बंद पडलेली, ठोकलेली, वाळूत रुतलेली गाडी उचलून आणायची, हा धंदा. हिवाळ्यात सखीरच्या वाळवंटात लोक तंबू ठोकून राहतात, तेव्हा कॅरॅव्हॅनची कामं येतात. कॅरॅव्हॅन म्हणजे चाकांवरची खोली. मोटारीच्या मागे जोडायची आणि ओढत न्यायची. मोटारीला मागे लोखंडी गोळा असतो, त्याला बॉल म्हणतात. कॅरॅव्हॅनच्या दांड्याच्या टोकाला वाटी असते, तो कपलर. वाटी गोळ्यावर बसवायची, कुलूप लावायचं, वर दोन साखळ्या अडकवायच्या. झाला जोड. पण बॉल एका मापाचे नसतात. या देशात अमेरिकेची गाडी येते, युरोपची येते, जपानची येते, आणि प्रत्येकाचा गोळा वेगळा. माप बॉलच्या डोक्यावर कोरलेलं असतं. ते वाचायला वाकावं लागतं, एवढीच काय ती अडचण.

दत्तप्रसाद त्या वेळी नजीबच्या यार्डात ऑपरेशन्स मॅनेजर होता. पुण्याचा, इंजिनिअर, पांढरा शर्ट, हातात कायम कॉफीचा मग. आणि रामजी होता यार्डातला सगळ्यात जुना ड्रायव्हर. खामगावच्या जिनिंगचे कापसाचे ट्रक चालवून आलेला गडी. बहरीनमध्ये चौदा वर्षांत त्याच्या हातून एका आरशाला ओरखडा गेला नव्हता.

त्या सकाळी एक गिऱ्हाईक कॅरॅव्हॅन घेऊन उभं होतं आणि त्याला घाई होती. सखीरला पोचवायची होती. यार्डाची जीप मागे लावली, कपलर बॉलवर बसवला, आणि रामजी नेहमीप्रमाणे खाली वाकला. बॉलवरचं ग्रीस अंगठ्यानं पुसलं. आकडा होता १-७/८. कपलर दोन इंची.

"साहेब," तो म्हणाला, "बॉल एक पूर्णांक सात अष्टमांशचा आहे. कपलर दोनचा. हा जोड टिकायचा नाही."

जिल्हा परिषदेच्या शाळेत अपूर्णांक शिकलेला माणूस, तो असाच बोलणार. दत्तप्रसाद हसला. सगळ्यांसमोर हसला. "रामजी, गणिताचा तास घेऊ नकोस. बसतंय ना?"

"बसतंय साहेब. पण धक्का लागला की उडणार. तुम्ही एकदा वाकून आकडा वाचा ना."

"तुमच्या लोकांचं ना हेच," दत्तप्रसाद म्हणाला, "एक काम सांगितलं की दहा वाद. बसतंय ना? मग यल्ला, चल निघ."

तुमच्या लोकांचं. हे कुठले लोक ते त्यानं फोड करून सांगितलं नाही आणि रामजीला फोड करून सांगायची गरजही नव्हती. रामजी जीपमध्ये बसला आणि निघाला. खरं तर तिथंच किल्ली टाकून द्यायला हवी होती. ती त्यानं टाकली नाही, आणि त्याबद्दल त्यानं स्वतःला आजवर सोडलेलं नाही. झल्लाकच्या रस्त्यावर एका गतिरोधकावर कपलर उडाला. कॅरॅव्हॅन साखळ्या तोडून आडवी झाली आणि दिव्याचा खांब घेऊन पडली. माणूस कुणी मेला नाही हे नशीब.

अपघाताच्या फॉर्मवर "कारण" नावाचा एक चौकोन असतो. त्यात जे लिहिलं जातं त्यावर विमा कंपनी सगळं ठरवते. तो चौकोन दत्तप्रसादनं भरला. त्यानं लिहिलं, चालकाने जोड तपासला नाही. बस्स, एवढंच. विमा कंपनीनं रामजीच्या नावावर शेरा मारला की या माणसाच्या हातात स्टिअरिंग देऊ नये. रामजी भांडला, ओरडला, खरं सांगून घसा बसवला. दत्तप्रसाद म्हणाला, "लेखी काही आहे का तुझ्याकडे?" लेखी काय असणार, बॉल तर साहेबानं त्याच दिवशी बदलून टाकला होता.

नजीब माणूस वाईट नव्हता. त्याचा विश्वास कुणावर होता ते त्याच्या तोंडावर दिसत होतं, पण कागदापुढे त्याचंही चालेना. तो आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाला, "रामजी, तुम जाओ मत. इधर रहो. लेकिन स्टिअरिंग मफी." मफी म्हणजे नाही. आणि रामजी उजवीकडे गेला. बॉल, कपलर, साखळ्या, गाडी ओढायची विंच तपासायचं काम त्याच्याकडे. हुद्दा हेल्पर.

आणि दत्तप्रसाद? तो वर्षभरात त्याच विमा कंपनीत मोठ्या खुर्चीवर गेला. पुढे कॅरॅव्हॅनवाल्यांसाठी रस्त्यावरच्या मदतीचं आणि ओढून नेण्याचं जे कव्हर निघालं, त्याचे नियम त्यानंच लिहिले. त्यातला एक असा होता, की मालकानं चुकीच्या मापाचा जोड लावला असेल तर कव्हर नाही; आणि अशा मालकाला मान्य यार्डात जोड लावून दाखवून दाखला मिळवल्याशिवाय कव्हर परत सुरू होणार नाही. चांगला नियम आहे. रामजीनं तो वाचला तेव्हा त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. माझीच अक्कल चोरून माझ्याच तोंडावर मारतो, असं तो राहतो त्या जिदहफ्सच्या खोलीत भांडी घासता घासता मोठमोठ्यानं म्हणाला आणि खोलीतले बाकीचे तिघं एकमेकांकडे बघत राहिले.

मनातल्या मनात त्यानं दत्तप्रसादला किती वेळा झोपवलं असेल याची गणती नाही. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात कुणी "आपले ड्रायव्हर रामजीभाऊ" अशी ओळख करून दिली की तो हसायचा आणि आतून पेटायचा. नव्या मुलांना तो काम शिकवायचा, तेव्हा बॉलसमोर बसवून दहा-दहा वेळा आकडा मोठ्यानं वाचायला लावायचा. मुलं वैतागायची. म्हणायची, चाचा को बॉल का भूत लगा है. या हिवाळ्यानंतर वयामुळे त्याचा व्हिसा वाढणार नव्हता. मार्चमध्ये घरी. हातात नोकरीचा दाखला मिळणार आणि त्यावर हुद्दा छापलेला असणार. तो दाखला लीलाबाई फोटोशेजारी लावणार, हे तिनं आधीच ठरवून ठेवलं होतं. बोला आता.

तर डिसेंबरातला एक शनिवार. तिकडे सुट्टी शुक्रवार-शनिवारची, ऑफिसं रविवारी उघडतात. सकाळचे अकरा वाजले होते. झल्लाकच्या रस्त्यावरून कॉल आला की कॅरॅव्हॅन सुटलीय, मोटारीला काही नाही, कव्हर आहे. नजीबनं अर्सलानला पाठवलं. अर्सलान सियालकोटचा, तिशीतला, रामजीच्याच हाताखाली शिकलेला ड्रायव्हर. तो डावीकडे बसला, रामजी उजवीकडे, आणि ट्रक निघाला.

रस्त्याच्या कडेला खजुराच्या झाडांमध्ये एक पांढरी कॅरॅव्हॅन तोंड घुसवून उभी होती. थोडं पुढे काळी मोटार. मोटारीशी एक बाई कपाळाला हात लावून उभी होती आणि पांढऱ्या शर्टातला एक माणूस फोनवर कुणाला तरी झापत होता. केस पांढरे झाले होते, पोट सुटलं होतं, पण कॉफीचा मग हातात असल्यासारखा तो हात अजून तसाच होता. रामजीनं त्याला ट्रक थांबायच्या आतच ओळखलं. 

तो उतरून पुढे गेला. दत्तप्रसादनं त्याच्याकडे बघितलं, बघितलं म्हणजे काय, त्याच्या निळ्या डांगरीकडे बघितलं, आणि म्हणाला, "ए भाई, ड्रायव्हर को भेजो. हेल्पर से क्या बात करूँ मैं?"

ओळखलं नव्हतं त्यानं! आठ वर्षं ज्याच्या नावानं या माणसाची झोप उडाली, त्याला हा चेहरा आठवतसुद्धा नव्हता.  रामजी आधी कॅरॅव्हॅनच्या दांड्याशी डोकावून आला, मग सरळ मोटारीच्या मागे गेला, गुडघ्यावर बसला, आणि बॉलवरचं ग्रीस अंगठ्यानं पुसलं.

मग तो बसल्या बसल्याच हसायला लागला. अर्सलान घाबरला. "चाचा, क्या हुआ?"

"साहेब," रामजी मराठीत म्हणाला, अगदी सावकाश, "जरा वाकून आकडा वाचता का?"

मराठी ऐकून दत्तप्रसाद वळला. त्यानं या वेळी चेहऱ्याकडे बघितलं. मग त्याचा फोनवाला हात खाली आला.

"रामजी?"

"एक पूर्णांक सात अष्टमांश," रामजी म्हणाला. "कपलर दोनचा. साखळ्या तर लावलेल्याच नाहीत. दांड्यालाच गुंडाळून ठेवल्यात."

ती बाई, म्हणजे दत्तप्रसादची बायको हेमा, एकदम उसळून म्हणाली, "मी दोनदा म्हणाले याला, मागून खडखड येतेय, थांबव. म्हणतो, बसलंय नीट, तू गप्प बस. मागच्या गाडीत लहान मुलं होती हो! वीतभरानं वाचली ती."

"हेमा, तू गाडीत बस," दत्तप्रसाद म्हणाला. ती बसली नाही, पण चार पावलं लांब गेली.

मग दत्तप्रसाद जवळ आला आणि काय सांगू, त्याची भाषाच बदलली. आता "तू" गेलं आणि "रामजीभाऊ" आलं. "रामजीभाऊ, ही गाडी मेव्हण्याची आहे हो, बॉल त्याचा आहे. मी बघितलाच नाही. तुम्ही समजून घ्या. फॉर्मवर लिहा, कुलूप तुटलं. कुलूप कुणाचंही तुटतं. हे जर चुकीचा बॉल म्हणून गेलं ना, तर ऑफिसात माझी शोभा होईल. नियम मीच लिहिलाय. पुढच्या महिन्यात माझं प्रमोशन आहे."

रामजी उठून उभा राहिला. दत्तप्रसादनं आणखी एक पाऊल टाकलं.

"तुमचा तो जुना शेरा आहे ना, तो माझ्याच टेबलाच्या अधिकारात येतो आता. मी काढून टाकतो. उद्या ऑफिस उघडलं की शिक्का. परवा तुम्ही स्टिअरिंगवर. इंशाल्ला!"

आता मात्र रामजीला मोह झाला. खोटं कशाला बोला, झालाच. मार्चपर्यंत तीन महिने होते. तीन महिने तो डावीकडे बसला असता. दाखल्यावर ड्रायव्हर छापून आलं असतं. लीलाबाईच्या भिंतीवरचा फोटो खरा झाला असता. एका शब्दाचा प्रश्न होता, तोही कुलूप.

"आधी तुम्ही लिहा," रामजी म्हणाला.

दत्तप्रसादनं फाइलमधून ऑफिसचा छापील कागद काढला आणि मोटारीच्या बॉनेटवर ठेवून लिहायला लागला. लिहिण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. दोन मिनिटांत सही ठोकून त्यानं कागद पुढे केला. इंग्रजीत होता. रामजीनं एकेक शब्दावर बोट ठेवत वाचला आणि एका ठिकाणी बोट थांबलं.

"हे काय लिहिलंय साहेब? ह्युमॅनि... पुढचं?"

"ह्युमॅनिटेरियन ग्राउंड्स. म्हणजे माणुसकीच्या नात्याने. तुमचं वय, तुमची इतक्या वर्षांची सेवा बघून, माणुसकीच्या नात्याने शेरा मागे घेत आहोत."

"आणि चूक कुणाची होती, ते?"

"ते कशाला आता उकरून काढायचं, रामजीभाऊ?" दत्तप्रसादनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ द्या. खलास!"

खलास म्हणे. आठ वर्षं ज्यानं उजव्या खिडकीतून रस्ता बघितला त्याला हा सांगतोय, खलास. वर माणुसकी दाखवतोय! म्हणजे चूक रामजीचीच राहणार, आणि हा मोठ्या मनानं ती पदरात घेणार. रामजीला त्या क्षणी खांद्यावरचा तो हात मनगटातून उपटून खजुरांत भिरकावून द्यावासा वाटला. पण त्यानं तसं काही केलं नाही. त्यानं कागदाची नीट घडी घातली, डांगरीच्या खिशात ठेवली आणि म्हणाला, "बरं साहेब. मी फॉर्म भरून आणतो."

फॉर्मआधी त्यानं फोटो काढले. पहिला बॉलचा, आकडा स्वच्छ दिसेल असा. दुसरा कपलरचा, त्यावर दोन इंच कोरलेले होते. तिसरा दांड्याला गुंडाळून ठेवलेल्या साखळ्यांचा. मग ट्रकच्या आडोशाला जाऊन "कारण"च्या चौकोनात त्यानं सुटी सुटी मोठी अक्षरं काढली. आयुष्यात इतकं सुवाच्य त्यानं कधी लिहिलं नव्हतं. बॉल १-७/८. कपलर २. साखळ्या लावल्या नव्हत्या. मालकाने जोड तपासला नाही. शेवटची ओळ लिहिताना त्याला जे सुख झालं ते लग्नातही झालं नव्हतं, असं त्यानं नंतर स्वतःच कबूल केलं.

फॉर्मवर शेवटी गिऱ्हाइकाची सही लागते. रामजीनं फॉर्म बॉनेटवर ठेवला, पेन दिलं.

"वाचून सही करा साहेब."

"अहो, तुमच्यावर विश्वास आहे माझा," असं म्हणत दत्तप्रसादनं फुलीच्या जागी सही केली. चौकोनाकडे मान वळवली नाही. वाकायची सवयच नाही ना!

कॅरॅव्हॅन ट्रकवर चढवली, पट्टे आवळले आणि दोघं परत निघाले. अर्सलाननं विचारलं, "चाचा, क्या लिखा?"

"जो था वो लिखा."

"और वो चिट्ठी?"

"वो भी साथ में लगाऊँगा. लिखूँगा, कुलूप टूटा लिखने के लिए साहब ने यह दिया."

अर्सलाननं ट्रक कडेला घेतला आणि थांबवलाच. "पागल हो गए हो? चिट्ठी जेब में रखो, इतवार को मोहर लगेगी, सोमवार को आप इस सीट पे. वो आदमी गया तो चिट्ठी रद्दी है. नया साहब आपकी फाइल खोलेगा भी नहीं!"

बरोबरच बोलत होता बिचारा. रामजीला हे त्याच्याआधी समजलं होतं. कुलूप लिहिलं तर सीट मिळणार होती आणि खरं लिहिलं तर दत्तप्रसाद पडणार होता. दोन्ही हातांत दोन गोष्टी यायच्या नव्हत्या. नेमका तेवढ्यात लीलाबाईचा फोन आला.

जेवले काय, काय केलं, गुडघा कसा हाये, सगळं विचारून झालं आणि ती म्हणाली, "जयभीम. अन् गाडी हळू चालवजा बरं."

रामजीच्या तोंडून "हो" निघालं नाही. "लीला," तो म्हणाला, "गाडी म्या चालवत नाई. अर्सलान चालवते. म्या हेल्पर हाये. आठ वर्षं झाले."

 लीलाबाईचा आवाज फोनातून बाहेर आला, तो अर्सलानलाही समजला असेल. "आठ वर्षं! मंग आठ वर्षं म्या कोनाले हळू चालवा म्हनत होती? त्या पोट्ट्याले? अन् फोटो?"

रामजीनं फोटोचं सांगितलं, बॉलचं सांगितलं, दत्तप्रसादचं सांगितलं, आजचं सांगितलं, माणुसकीचा कागदही वाचून दाखवला.  लीलाबाईनं सगळं ऐकून घेतलं.

"कागदात तुमाले माफी देल्ली त्यानं?"

"हो."

"त्या मेल्यानं? तुमाले?" ती म्हणाली. "मंग काऊन बसले अजून? लावा तो कागद. अन् माह्या नावानं आनखी एक ओळ लिहा खाली."

तुबलीला पोचल्यावर नजीबनं फॉर्म वाचला, मग चिठ्ठी वाचली, मग दोन्ही शेजारी शेजारी ठेवून रामजीकडे बघितलं. "रामजी, यह चिट्ठी से तुम ड्रायव्हर. मालूम?"

"मालूम."

"फिर भी भेजूँ?"

"भेजो," रामजी म्हणाला. "आज ही भेजो."

पुढे महिनाभर चौकशी चालली. फोटो बोलत होते, सही होती, आणि साहेबाच्या हातची चिठ्ठी होती. दत्तप्रसादला कॅरॅव्हॅनच्या टेबलावरून उचललं आणि जुन्या फायलींच्या खोलीत बसवलं. प्रमोशन बोंबललं. आणि अर्सलान म्हणाला होता तसंच झालं. नव्या साहेबानं रामजीची फाइल उघडलीच नाही. शेरा होता तिथंच राहिला.

यार्डातले लोक, जिदहफ्सच्या खोलीतले लोक, कार्यक्रमातले लोक रामजीची पाठ थोपटायला लागले. एकानं तर भाषणात त्याचं उदाहरण दिलं, प्रामाणिकपणाचं. रामजी मध्येच उठून उभा राहिला. "माफ करा, पण इमानदारी-बिमानदारी काही नाही," तो म्हणाला. "मले त्याले पाडायचं होतं. खरं लिहून पडत होता म्हणून खरं लिहिलं. खोटं लिहून पडला असता तर म्या काय केलं असतं ते मले इचारू नका." टाळ्या जरा कमीच पडल्या.

फेब्रुवारीच्या एका गुरुवारी सकाळी दहाला काळी मोटार यार्डात शिरली. मागे दुरुस्त झालेली पांढरी कॅरॅव्हॅन दुसऱ्या कुणाच्या तरी ट्रकवर आली होती. दत्तप्रसाद उतरला, पाठोपाठ हेमा उतरली. कॅरॅव्हॅन विकायची म्हटलं तरी कव्हर चालू लागत होतं, आणि बंद पडलेलं कव्हर दाखल्याशिवाय सुरू होत नव्हतं. नियम त्याचाच होता. मान्य यार्डांच्या यादीत नाव नजीबचं होतं, आणि नजीबच्या यार्डात जोड तपासून घेणारा माणूस एकच होता.

"या साहेब," रामजी म्हणाला. त्यानं एका फळीवर तीन बॉल मांडून ठेवले होते. "कपलर दोनचा आहे. यातला बरोबर कोणता, तो निवडा. हात लावायच्या आधी आकडा वाचायचा. मोठ्यानं."

फळी खाली जमिनीवर होती. दत्तप्रसादनं इकडेतिकडे बघितलं. अर्सलान बघत होता, नजीब दारात उभा होता, हेमा हाताची घडी घालून बघत होती. त्यानं उभ्याउभ्याच मान लांब करून बघितलं. बॉलवर ग्रीस होतं. ते रामजीनंच सकाळी चोपडलं होतं, दाबून.

"पुसावं लागेल साहेब. अंगठ्यानं पुसतात."

दत्तप्रसाद गुडघ्यावर बसला. पांढऱ्या पँटला काळा डाग पडला. त्यानं ग्रीस पुसलं आणि काहीतरी पुटपुटला.

"ऐकू नाही आलं."

"वन अँड सेव्हन-एट्थ."

"मराठीत सांगा साहेब. गणिताचा तास आहे."

दत्तप्रसादनं वर बघितलं. त्याचे डोळे लाल झाले होते. रामजी उभा होता, दोन्ही हात मागे बांधून, आणि त्याला काडीची दया आली नाही.

"एक पूर्णांक," दत्तप्रसाद म्हणाला, आणि आकड्यावर पुन्हा अंगठा फिरवला. "एक पूर्णांक सात अष्टमांश."

"बसेल का दोनच्या कपलरमध्ये?"

"बसेल. पण टिकणार नाही."

"का?"

"धक्का लागला की उडेल."

"हे तुम्हाला आधी कुणी सांगितलं होतं?"

यार्डात विंच बंद होती, ग्राइंडर बंद होतं. दत्तप्रसादनं अंगठ्याचं ग्रीस पँटला पुसलं.

"तुम्ही सांगितलं होतं," तो म्हणाला. "आठ वर्षांपूर्वी. मी बघितलं नाही."

हेमानं हाताची घडी सोडली. दारातला नजीब आत निघून गेला. रामजीनं पुढचं सगळं नियमाप्रमाणे करून घेतलं: बरोबर बॉल लावणं, कुलूप, दोन साखळ्या, मग जॅकनं दांडा वर उचलून मोटारीचं बूड वर येतंय का ते बघणं. ते आलं. जोड खरा होता. दत्तप्रसाद घामानं निथळला होता.

मग रामजीनं दाखल्याचा कागद बॉनेटवर ठेवला आणि सही केली. सहीखाली तपासणाऱ्याचा हुद्दा लिहायची जागा होती. तिथं त्यानं सुटी सुटी मोठी अक्षरं काढली: रामजी तायडे, हेल्पर.

"घ्या साहेब," तो म्हणाला. "वाचून घ्या."

दत्तप्रसादनं तो कागद उभ्यानं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचला.